सर्व्हर रूममधला स्वेटर आणि तळघरातला डीजी

एप्रिलचा दुसरा आठवडा होता. बाहेर सांगलीचं ऊन मी म्हणत होतं, आणि आत सर्व्हर रूमच्या दारामागे खिळ्याला एक स्वेटर टांगलेला होता. एका सहकारी संस्थेच्या मुख्य कार्यालयात मी विजेच्या तपासणीला गेलो होतो. आत जायचं तर स्वेटर चढवूनच जायचं, अशी तिथल्या पोराची सवय. एसीच्या रिमोटवर आकडा सोळा. मी विचारलं, एवढं गार कशाला? तो म्हणाला, "साहेब, मशीन तापलं की बंद पडतंय. गार असलेलं बरं."

त्याची काळजी खोटी नव्हती. मी थर्मामीटर काढून रॅकच्या, म्हणजे सर्व्हर बसवलेल्या उभ्या कपाटाच्या, तळाशी धरला, १७ अंश. वरच्या सर्व्हरच्या तोंडाशी धरला, २९. सहा फुटांच्या उंचीत बारा अंशांचा फरक. रॅकमध्ये मधले काही खण रिकामे होते. मागून बाहेर पडलेली गरम हवा त्या खणांतून परत पुढे येत होती, आणि वरचे सर्व्हर तीच हवा पुन्हा आत ओढत होते. म्हणजे खोली गोठवूनही जे मशीन तापत होतं ते तापतच होतं. आम्ही प्रिंटरच्या खोक्याचा पुठ्ठा कापून रिकामे खण बंद केले, केबलसाठी भिंतीला पाडलेलं भोक बुजवलं. अर्ध्या तासात वरचा आकडा विसावर आला. मग एसी एकेक अंशाने वाढवत नेला. संध्याकाळपर्यंत रॅकच्या तोंडाशी वर-खाली सगळीकडे २३-२४ अंश, आणि तीनपैकी एक एसी बंदच करून ठेवला. खर्च शून्य.

ॲश्रे ही अमेरिकेतली वातानुकूलन अभियंत्यांची संस्था. जगभरचे सर्व्हर बनवणारे तिचेच निकष पाळतात. २००८ पासून तिची शिफारस अशी आहे की सर्व्हरच्या तोंडाशी येणारी हवा १८ ते २७ अंशांच्या दरम्यान असावी. खोलीची नव्हे, तोंडाशी येणारी. हा एक शब्द समजला असता तर आपल्या जिल्ह्यातल्या कितीतरी खोल्यांतले स्वेटर घरी गेले असते.

हे सगळं सांगायचं कारण वेगळंच आहे. डेटा सेंटरचा, म्हणजे अशा सर्व्हरच्या जागांचा, विषय निघाला की आपल्याकडे दोन गट पडतात. एक म्हणतो, वीज वाचवा, बिल कमी करा. दुसरा म्हणतो, वीजबिल गेलं खड्ड्यात, सिस्टीम बंद पडता कामा नये. काटकसर म्हणजे जोखीम, आणि खात्री म्हणजे सगळं दुप्पट विकत घेणं, अशी ही वाटणी झाली आहे. माझ्या मते ही वाटणीच चुकीची आहे, आणि कृष्णाकाठी तर ती घातक आहे. इथे जी खोली वीज कमी खाते, तीच पुरात जास्त दिवस तग धरते.

आकडे मांडून पाहू. एखाद्या मध्यम बँकेच्या किंवा कारखान्याच्या सर्व्हरना २० किलोवॅट वीज लागते असं धरा. वर्षाचे तास ८,७६०. म्हणजे नुसत्या सर्व्हरना १,७५,२०० युनिट. पण मीटरवर एवढंच येत नाही. एसी, यूपीएसमधली (लाइन गेल्यावर बॅटरीवर वीज देणाऱ्या यंत्रणेतली) तूट, दिवे, पंखे हे सगळं त्यात मिसळतं. एकूण विजेला सर्व्हरच्या विजेने भागलं की येणाऱ्या आकड्याला पीयूई म्हणतात. तो एकाच्या जितका जवळ तितकं चांगलं. जगभरातली सरासरी गेली काही वर्षं दीडच्या थोडी वर अडकून बसली आहे. आपल्याकडच्या स्वेटरवाल्या खोलीत मी मोजला तेव्हा तो २.२ निघाला. म्हणजे वर्षाला ३,८५,४४० युनिट. तोच आकडा १.५ वर आणला तर २,६२,८०० युनिट. फरक १,२२,६४० युनिटांचा. युनिटला दहा रुपये धरले तरी वर्षाला बारा लाखांच्या वर रक्कम होते.

बारा लाख ऐकून संचालक मंडळ मान डोलावतं आणि पुढच्या विषयाकडे वळतं. म्हणून मी त्यांना तोच हिशेब डिझेलमध्ये सांगतो. महावितरणची लाइन गेली आणि सगळं डीजीवर, म्हणजे डिझेल जनरेटरवर आलं, तर एका युनिटला ढोबळमानाने ०.३ लिटर डिझेल जातं. पीयूई २.२ असलेली खोली ४४ किलोवॅट ओढते, म्हणजे दिवसाला सुमारे ३१७ लिटर. दीडची खोली ३० किलोवॅट ओढते, म्हणजे दिवसाला २१६ लिटर. आठवड्याचा फरक सातशे लिटरच्या वर. ३५ लिटरचे वीस कॅन! कमरेएवढ्या पाण्यातून, गुळाच्या कायलीतून किंवा ट्रॅक्टरच्या ट्रॉलीतून, हे वीस कॅन कोणी आणायचे? काटकसर आणि तग धरणं ही एकच गोष्ट आहे, असं मी म्हणतो ते या वीस कॅनमुळे.

ज्यांनी ऑगस्ट २०१९ पाहिला त्यांना हे उदाहरण ओढूनताणून आणलेलं वाटणार नाही. कृष्णेवरच्या आयर्विन पुलावर ४० फुटांना इशारा आणि ४५ फुटांना धोका, हे सांगलीच्या शाळकरी मुलालाही पाठ असतं. १९२९ साली बांधलेला हा पूल आज आपली मोजपट्टी झाला आहे. २००५ साली पाणी तिथे ५४ फुटांच्या आसपास गेलं तेव्हा लोक म्हणाले, यापेक्षा जास्त काही येत नाही. २०१९ ला ते ५७ फूट ओलांडून गेलं. २०२१ ला पुन्हा ५४-५५ च्या घरात. सोळा वर्षांत तीनदा. "शंभर वर्षांतून एकदा येणारा पूर" असं ज्या कागदावर लिहिलं असेल तो कागद बाजूला ठेवायला हवा.

२०१९ च्या त्या आठवड्यातला एक प्रसंग मला विसरता येत नाही. बाजारपेठेतल्या एका संस्थेचे सर्व्हर दुसऱ्या मजल्यावर होते, कोरडे ठणठणीत. खोली नवी, रॅक नवे, आग विझवणारी गॅसची यंत्रणासुद्धा होती. पण डीजी सेट तळघरातल्या पार्किंगमध्ये आणि मेन पॅनल जिन्याखाली. पाणी रस्त्यावर यायच्या आधी ड्रेनेजमधून तळघरात आलं. रात्री साडेअकराला पॅनल गेलं, यूपीएसने चाळीस मिनिटं ओढलं, आणि मग सगळं शांत. पंख्यांचा आवाज थांबला की सर्व्हर रूम किती भकास वाटते हे तिथे काम करणाऱ्यालाच कळतं. पूरग्रस्त माणूस छावणीत बसून स्वतःच्याच खात्यातले दोन हजार काढायला आला तेव्हा त्याला सांगावं लागलं, "सिस्टीम बंद आहे." त्या माणसाचा चेहरा माझ्या डोळ्यांपुढून जात नाही. त्याचं घर पाण्यात होतं आणि त्याचे पैसेही पाण्यात असल्यासारखेच झाले होते.

कर्नाटकातल्या आलमट्टी धरणाच्या उंचीचा वाद चालू राहील, आणि तो चालू राहायलाच हवा, कारण तो लाखो लोकांच्या जिवाचा प्रश्न आहे. पण आपल्या इमारतीत डीजी कुठे बसवायचा हा निर्णय बंगळूर किंवा दिल्लीत होत नाही. तो आपल्याच आर्किटेक्टच्या टेबलावर होतो. डीजीला आवाज असतो, धूर असतो, वजन असतं, म्हणून तो खाली ढकलला जातो. वरच्या मजल्यावरची जागा भाड्याची असते, तळघर फुकटचं वाटतं.

ही चूक फक्त आपलीच नाही. ऑक्टोबर २०१२ मध्ये सँडी वादळाचं पाणी न्यूयॉर्कमध्ये घुसलं. ब्रॉड स्ट्रीटवरच्या एका इमारतीत डेटा सेंटरचा जनरेटर चांगला सतराव्या मजल्यावर होता. पण डिझेल वर चढवणारी यंत्रणा तळघरात होती, ती बुडाली. मग तिथल्या कर्मचाऱ्यांनी आणि ग्राहक कंपन्यांच्या माणसांनी अंधाऱ्या जिन्यावर रांग लावून डिझेलच्या बादल्या हातोहात वर पोचवल्या. जगातल्या सगळ्यात श्रीमंत शहरात! साखळीतली एक कडी खाली राहिली की बाकीच्या सगळ्या कड्या वर असून उपयोग नसतो. डीजी वर नेला पण डिझेलची टाकी खाली, टाकी वर नेली पण भार लाइनवरून डीजीवर नेणारं चेंजओव्हर पॅनल खाली, पॅनल वर नेलं पण इंटरनेटच्या केबलचा डबा कंपाउंडच्या भिंतीला गुडघ्याएवढ्या उंचीवर. मी नकाशा पाहताना आता एकच काम आधी करतो. २०१९ च्या पाण्याची रेघ त्यावर मारतो, वर चार फूट सोडतो, आणि त्या रेघेखाली काय काय उरलं ते मोजतो.

इथे मला हरिपूरची पेवं आठवतात. "पेव फुटलं" असं आपण उठता-बसता म्हणतो, पण खरं पेव किती जणांनी पाहिलंय? संगमाजवळच्या त्या गावात हळद साठवायला जमिनीत खोल खड्डे खणलेले असत. तोंड माणूस उतरेल एवढं अरुंद, आत ऐसपैस. तळाला नि भिंतींना पाला-चटया लावायच्या, हळद भरायची, तोंड बंद करून वरून माती लिंपायची. आत हवा नाही, त्यामुळे किडा नाही. उन्हाळा-पावसाळा बाहेर काहीही असो, आत तापमान जवळपास तेच. उघडताना आधी बराच वेळ तोंड मोकळं ठेवायचं, कंदील आत सोडून तो विझत नाही हे पाहायचं, मगच माणूस उतरवायचा. एक युनिट वीज न जाळता सांगलीची हळद वर्षानुवर्षं अशी टिकली. काटकसरीचं याहून चांगलं उदाहरण मला कुठल्याही पुस्तकात सापडलेलं नाही. आणि २००५ च्या महापुरात या पेवांत पाणी शिरलं. हळद सडली, कित्येक पेवं कायमची निकामी झाली, आणि व्यापार गोदामांकडे आणि शीतगृहांकडे वळला.

पेवं बांधणारे अडाणी नव्हते. त्यांनी किडा, ऊन, हवा, चोर या सगळ्यांचा विचार केला होता. नदी एवढी वर येईल हे त्यांच्या अनुभवात नव्हतं. आपल्या अनुभवात मात्र ते आलं आहे, तेही तीनदा. त्यामुळे आज तळघरात पॅनल बसवणाऱ्याला ती सवलत नाही.

आता दुप्पट खरेदीच्या खात्रीबद्दल. "पुढची दहा वर्षं बघायला नको असा यूपीएस द्या," हे वाक्य मी प्रत्येक बैठकीत ऐकतो. मग १५-२० किलोवॅटच्या भाराला ८० केव्हीएचे दोन यूपीएस येतात, दोघांत भार वाटला जातो, आणि प्रत्येकजण दहा-बारा टक्क्यांवर फिरत राहतो. यूपीएसची कार्यक्षमता जाहिरातीत ९५ टक्के असते ती भरपूर भारावर. दहा टक्क्यांवर ती पुष्कळ खाली येते, कारण आतल्या यंत्रणेची स्वतःची भूक भार कमी झाला म्हणून कमी होत नाही. ती तूट उष्णता होऊन खोलीत येते, आणि ती बाहेर काढायला परत एसी. तीच गरज खणाखणाने वाढवता येणाऱ्या यूपीएसने भागते. आज २५ किलोवॅटचे खण घ्या, एक जादा ठेवा, तीन वर्षांनी गरज लागली तर आणखी एक सरकवा. एखादा बिघडला तर बाकीचे भार उचलतात. हे स्वस्तही आहे आणि भरवशाचंही.

बॅटरीचं मात्र वेगळं आहे, आणि इथे स्वेटरवाल्या पोराला थोडं श्रेय द्यायला हवं. शिशाच्या सीलबंद बॅटऱ्यांना खरोखरच उष्णता सोसत नाही. २५ अंशांच्या वर दर दहा अंशांना त्यांचं आयुष्य जवळपास निम्मं होतं. म्हणून बॅटरीला वेगळी छोटी खोली द्यावी आणि ती पंचविसावर ठेवावी. बॅटरीसाठी सगळे सर्व्हर गोठवायची गरज नाही.

एक आक्षेप रास्त आहे. लोक म्हणतात, खोली सोळावर असली तर एसी बंद पडल्यावर तेवढाच जास्त वेळ मिळतो. मिळतो, पण किती? वीस बाय सोळा फुटांच्या, दहा फूट उंच खोलीतली हवा वजनाने शंभर किलोच्या आसपास भरते. वीस किलोवॅटची उष्णता तिच्यात सुटली तर नुसत्या हवेपुरती सात अंशांची शिल्लक एका मिनिटातही टिकत नाही. भिंती आणि लोखंड थोडी उष्णता पितात, म्हणून प्रत्यक्षात काही मिनिटं मिळतात. त्या काही मिनिटांसाठी वर्षभर, दिवसरात्र सोळा अंशांचं बिल भरायचं? त्यापेक्षा डीजी वीस-तीस सेकंदांत आपोआप सुरू होतो की नाही हे दर महिन्याला भार टाकून पाहावं, आणि एसीचे नुसते पंखे यूपीएसवर घ्यावेत. "भार टाकून" हे मुद्दाम लिहितो. रिकामा डीजी पाच मिनिटं फिरवून वहीत सही करणं म्हणजे चाचणी नव्हे.

सगळ्यात स्वस्त वीज म्हणजे जी लागतच नाही ती. स्वेटरवाल्या त्या संस्थेत रॅकच्या खालच्या खणात एक जुना सर्व्हर होता. त्याच्यावर मार्करने मोठ्या अक्षरांत लिहिलेलं, "बंद करू नये". कोणी लिहिलं, कधी, कशासाठी, कोणालाच सांगता येईना. लिहिणारा बहुधा निवृत्त झाला असावा. आम्ही आधी त्याच्यावरच्या सगळ्या माहितीची प्रत काढली, मग त्याची नेटवर्कची केबल काढली आणि महिनाभर वाट पाहिली. कोणाचाही फोन आला नाही. असा रिकामा बसलेला सर्व्हर दोनशे वॉट खात असेल तर वर्षाला १,७५२ युनिट, आणि २.२ च्या खोलीत मीटरवर ३,८५० च्या वर. नव्या डेटा सेंटरचं टेंडर काढायच्या आधी जुन्या सर्व्हरची हजेरी घ्यायला हवी. पाच मशीनचं काम एका मशीनवर नेणारं व्हर्च्युअलायझेशन आता काही नवलाईचं राहिलेलं नाही. भार निम्म्यावर आला की यूपीएस, एसी, डीजी, डिझेल, सगळंच निम्मं मागवायला लागतं.

थंड करण्याच्या पद्धतीबद्दल एक सावधगिरी. पाण्याच्या बाष्पीभवनाने हवा थंड करणं विजेच्या दृष्टीने फार फायद्याचं असतं, आणि बाहेरचे सल्लागार ते हटकून सुचवतात. एक किलोवॅट-तास, म्हणजे एका युनिटाएवढी उष्णता अशी उडवायला सुमारे दीड लिटर पाणी लागतं. शंभर किलोवॅटच्या केंद्राला दिवसाला साडेतीन हजार लिटर. एप्रिल २०१६ मध्ये लातूरला पाण्याची रेल्वे गेली ती आपल्या मिरजेतून. कृष्णेचं पाणी दुष्काळी भागाला पोचवण्यासाठी म्हैसाळ, ताकारी, टेंभूच्या योजना उभ्या करायला या जिल्ह्याने किती वर्षं घातली हे जत-आटपाडीच्या माणसाला विचारा. इथे विजेची बचत पाण्यावर ढकलणं मला पटत नाही. आपल्याकडे रात्री बऱ्यापैकी गार होतात, त्याचा फायदा घेता येतो, पण बाहेरची हवा थेट आत घेऊन नव्हे. गळीत हंगामात गच्चीवर वाळत घातलेल्या पांढऱ्या कपड्यांवर बगॅसची, म्हणजे उसाच्या चिपाडाची काजळी कशी बसते हे कारखान्याच्या आसपास राहणाऱ्या कुठल्याही बाईला माहीत आहे. तीच काजळी सर्व्हरच्या पंख्यात जाईल. आतली हवा आत आणि बाहेरची बाहेर ठेवून, मधल्या नळ्यांमधून फक्त उष्णता बाहेर नेणारी यंत्रणा इथे योग्य. थोडी महाग पडते, पण पाणी पीत नाही.

सौरऊर्जेबद्दलही एक गैरसमज आहे. गच्चीवर पॅनल लावले म्हणजे लाइन गेल्यावरही सर्व्हर चालतील, असं अनेकांना वाटतं. साधा ऑनग्रिड, म्हणजे लाइनला जोडलेला इन्व्हर्टर महावितरणची लाइन गेली की स्वतःहून बंद होतो. खांबावर काम करणाऱ्या वायरमनला झटका बसू नये म्हणून तो तसाच बनवलेला असतो. शिवाय महापूर येतो जुलै-ऑगस्टमध्ये, ढगांत. सौर पॅनल बिलासाठी जरूर लावा, पुरासाठी त्यांच्यावर विसंबू नका.

एवढं सगळं वाचल्यावर कोणी विचारेल, हा खटाटोप कशाला? सगळं मुंबईच्या क्लाउडवर टाका आणि मोकळे व्हा. काही संस्थांसाठी हे उत्तर बरोबर आहे. दहा संगणकांच्या पतसंस्थेने सर्व्हर रूम बांधूच नये. पण मिरजेतल्या मोठ्या रुग्णालयाचं काय? अतिदक्षता विभागातल्या रुग्णाचे स्कॅन, रक्ताचे अहवाल, औषधांच्या नोंदी पुरात लाइन तुटल्यावर मुंबईहून कशा येणार? दोन कंपन्यांचं इंटरनेट घेतलं म्हणून निर्धास्त होणाऱ्यांनी एकदा जाऊन पाहावं, त्या दोन्ही केबल एकाच पुलाच्या कठड्याला तर बांधलेल्या नाहीत ना. गावात जे काम गावातच चाललं पाहिजे त्यासाठी यंत्रणा गावातच लागते.

उलट, फक्त गावात ठेवणंही चालणार नाही. दुसरी प्रत बाहेर हवी, आणि बाहेर म्हणजे कोल्हापूर नव्हे. २०१९ ला कृष्णा आणि पंचगंगा एकदमच चढल्या होत्या, आणि पुणे-बंगळूर महामार्ग शिरोलीजवळ कित्येक दिवस बंद होता. कराडही त्याच नदीवर. ११ डिसेंबर १९६७ चा कोयनेचा भूकंप ज्यांना आठवतो ते पाटणकडे बोट दाखवणार नाहीत. सोलापूर, संभाजीनगर, नागपूर, कुठेही ठेवा, पण आपली नदी आणि आपला रस्ता तिथे नको. सप्टेंबर २०२५ मध्ये दक्षिण कोरियात देजॉन शहरातल्या सरकारी डेटा सेंटरला लिथियम बॅटरीमुळे आग लागली, आणि सरकारी कर्मचाऱ्यांच्या कामाची ८५८ टेराबाइट माहिती नष्ट झाली. एवढ्या मोठ्या साठ्याची बाहेर प्रत ठेवलेलीच नव्हती. तंत्रज्ञानात आपल्या कितीतरी पुढे असलेल्या देशाची ही गत. आपल्याकडे प्रत असते, पण ती परत उघडून पाहिलेली नसते.

मग माझं म्हणणं काय? प्रत्येक संस्थेने आपापली खोली बांधणं थांबवावं. बँका, कारखाने, दूध संघ, रुग्णालयं, महाविद्यालयं यांनी मिळून कुपवाडच्या माळावर एक केंद्र उभं करावं. मालकी सामायिक, पण प्रत्येकाचा रॅक वेगळ्या जाळीत, वेगळ्या कुलपात. आपल्या जिल्ह्याला ही कल्पना परकी नाही. नदीवर प्रत्येक शेतकऱ्याने स्वतंत्र मोटर टाकण्याऐवजी सहकारी पाणीपुरवठा संस्था काढून एकाच जॅकवेलवरून, म्हणजे नदीकाठच्या उपसा विहिरीवरून शिवारं भिजवली ती आपणच. तिथेही पाळीवरून भांडणं झाली, थकबाकी झाली, तरी पाणी पोचलं. "स्पर्धक बँकेच्या शेजारी आमचा सर्व्हर?" असं मला एका अध्यक्षांनी विचारलं होतं. बाजार समितीत दोन अडत्यांची दुकानं भिंतीला भिंत लावून असतात, म्हणून एकाची वही दुसरा वाचत नाही.

एकत्र येण्याचा आणखी एक फायदा आहे आणि तो फारसा कोणाच्या लक्षात आलेला नाही. २०२२ च्या केंद्राच्या नियमांनी हरित वीज थेट उत्पादकाकडून घेण्याची अट एक मेगावॅटवरून १०० किलोवॅटवर आणली. वीस किलोवॅटची एकटी खोली तिथपर्यंत पोचत नाही, पाच-सहा संस्था मिळून सहज पोचतात. साताऱ्याच्या चाळकेवाडी-वनकुसवडेच्या पठारावर आणि आपल्या ढालगावच्या माळावर पवनचक्क्या उभ्याच आहेत. वारा पावसाळ्यात जोरात, ऊन बाकीच्या आठ महिन्यांत. दोन्हींचा करार एकत्र केला तर वर्षभराची वीज बरीचशी भागते. पुरात तारा तुटल्या की ही वीजही येणार नाही, तेव्हा डीजी लागेलच. पण तो लहान लागेल.

संचालकांना टियर फोर हा शब्द फार आवडतो. टियर म्हणजे यंत्रणेत पर्यायी वाटा किती आहेत याची प्रतवारी. तिचं महत्त्व आहे. पण इमारत पुराच्या रेघेखाली आहे की वर, हे त्या प्रतवारीतून आपोआप कळत नाही. उंच जागेवरची, मोजून-मापून बांधलेली, दर महिन्याला भार टाकून तपासलेली साधी यंत्रणा मी तळघरातल्या महागड्या यंत्रणेपेक्षा केव्हाही पसंत करीन. आणि केंद्राच्या दारावर दर महिन्याचा पीयूई फळ्यावर लिहिलेला असावा, दूध संघात फॅटचा आकडा लिहितात तसा, सभासदाला वाचता येईल एवढ्या मोठ्या अक्षरात. पैसा त्याचा आहे.

तळघरात डीजी असलेल्या त्या संस्थेने आता जागा बदलायचं ठरवलं आहे. नव्या इमारतीचे नकाशे गेल्या आठवड्यात माझ्याकडे आले. सर्व्हर तिसऱ्या मजल्यावर, डीजी गच्चीवर, डिझेलची टाकी पहिल्या मजल्याच्या सज्जावर. मनापासून बरं वाटलं. मग विजेचं पान उघडलं. मेन पॅनल पुन्हा जिन्याखाली दाखवलेलं होतं, जमिनीपासून दीड फुटावर. त्याच्याभोवती लाल गोल करून, शेजारी पुराची पातळी लिहून, नकाशा काल परत पाठवला आहे.